उतरंडीतली चौथी चिठ्ठी

ताईच्या कंपनीला ऑफिस नव्हतं. सात माणसं सात गावांत आपापल्या घरी बसून डिझाइनची कामं करायची आणि रोज सकाळी दहाला पडद्यावर एकमेकांची तोंडं बघायची. कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे वाळत घातलेले टॉवेल. आमच्यात साहेब कुणी नाही, हे ताई येता-जाता सांगायची. कंपनी तिनेच काढलेली, पण ‘मॅडम’ म्हटलं की तिला राग यायचा.

साहेब नाही, मग कुठलं काम आधी करायचं हे ठरवणार कोण? त्यासाठी सगळ्यांना दिसेल असं एक पान केलेलं होतं. त्याचं नाव उतरंड. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, एकीखाली एक लावलेली. वरचं काम आधी. कुणीही कुठलीही चिठ्ठी हलवावी, फक्त का हलवली ते एका ओळीत लिहावं. चोवीस तासांत कुणाची हरकत आली नाही तर ठरलं. आणि ताईचा खास लाडका नियम असा, की स्वतःच्या चिठ्ठीसाठी स्वतः भांडायचं नाही. तुमचं काम वर राहावं असं दुसऱ्याला वाटलं पाहिजे. कागदावर हा नियम फार देखणा दिसायचा.

चार महिने सगळ्यात वर अक्षरकाकांची चिठ्ठी होती. काका साठीचे, अक्षरं घडवण्यात उभी हयात गेलेली. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, एकदा कानाचे थेंब डोळ्यात घातले. दोन्ही बाटल्या बोटाएवढ्या, अक्षरं मुंगीएवढी. त्या दिवसापासून काका औषधाच्या बाटल्यांसाठी नवी अक्षरं काढायला बसले, कमी दिसणाऱ्यालाही वाचता येतील अशी. प्रत्येक नमुना आधी काकू वाचणार, मग जग. काकूंचा एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्यालाही डॉक्टरांनी फार तर चार-पाच महिने दिले होते. हे काकांनी ताईला फोनवर एकदाच सांगितलं होतं, तेही पावसापाण्याच्या गप्पा सांगाव्यात तसं.

मग डिझाइनवाल्यांची ती मोठी परिषद आली. ताईला मंचावर वीस मिनिटं मिळाली. तिने काकांच्या बाटल्या दाखवल्या आणि अख्खं सभागृह पुढे सरकून बसलं. शेवटी कुणीतरी विचारलं, “हे सुचलं कसं तुम्हाला?”

“आमच्याच घरातल्या एका अनुभवातून,” ताई म्हणाली. “कानातलं औषध डोळ्यात गेलं होतं.”

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत दुरुस्ती करायला वेळ होता, पण ती हुरळली होती. खाली उतरल्यावर एका हॉटेलसाखळीच्या माणसाने तिला गाठलं. त्यांना सगळ्या हॉटेलांतल्या पाट्या नव्याने करून हव्या होत्या, तीन महिन्यांत, आणि ही अक्षरं ज्या हाताची त्याच हाताच्या.

घरी आल्यावर नवऱ्याने चहा पुढे ठेवला. त्याने भाषण घरबसल्या पाहिलं होतं.

“आपल्याकडे कधी गं गेलं कानातलं डोळ्यात?”

“अरे, बोलण्याच्या ओघात गेलं.”

“हं. ओघ बरा आपल्याच घराकडे वळला.”

ताईने चहा घेतला आणि विषय बदलला. सोमवारी सकाळी तिने हॉटेलची चिठ्ठी सगळ्यात वर लावली आणि काकांची बाटल्यांची चौथ्या जागी नेली. ओळ लिहिली: ‘काकांचा हात तिकडे लागणार आहे. तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे.’ तीन महिने म्हणजे काकूंची उरलेली नजर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिने लिहिलं, आणि लिहून झाल्यावर खिडकीची काच पुसत बसली.

दिवसभर ती पान उघडून बघत राहिली. कुणीतरी हरकत घ्यावी म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. भांडखोर म्हणून प्रसिद्ध असलेली चित्रवाली तरी काही बोलेल! पण सगळे मूग गिळून बसले. मंगळवारी सकाळी चोवीस तास भरले आणि ठरलं.

तिने चित्रवालीला फोन लावला. “तू हरकत का नाही घेतलीस?”

“मला वाटलं, तुमचं काकांशी बोलणं झालंय. तुम्ही हलवली म्हणजे विचारूनच हलवली असणार ना!”

बाकीच्यांचंही तेच. पाच घरांत पाच जणांनी एकच समजूत करून घेतली होती, आणि काकांना तर नियमानेच तोंड नव्हतं. साहेब नाही म्हणे! चिठ्ठी पुन्हा वर सरकवायला एक बोट पुरलं असतं. पण ते बोट उचलण्याआधी काकांसमोर उभं राहायला हवं, असं ताईला वाटलं. बुधवारी ती दोन तासांचा बसप्रवास करून त्यांच्या दारात उभी राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

दार काकूंनी उघडलं. ताईने नुसतं “काका आहेत का?” विचारलं, तर त्यांचा चेहरा खुलला.

“अगंबाई, ताई ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं. या, या.”

पडद्यावर काकांच्या मागे दिसायची ती पांढरी भिंत म्हणजे स्वयंपाकघराची होती. जेवणाचं टेबल हेच कामाचं टेबल. त्याच्या अर्ध्या भागावर हॉटेलच्या पाट्यांचे कागद पसरलेले, आणि टेबलाखाली एका खोक्यात बाटल्या भरून ठेवलेल्या, एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये जुनं वर्तमानपत्र घालून. काकांनी तिला पाहून चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पाट्यांचं सुरू केलंय,” ते म्हणाले. “वेळेत होईल.”

काकूंनी खुर्ची हाताने चाचपून ओढली आणि ताईच्या अगदी जवळ बसल्या.

“तुमचं भाषण ऐकलं हो आम्ही. तुमच्याकडेही तसंच झालं होतं? कानातलं डोळ्यात?” त्या हसल्या. “मी यांना म्हटलं, बघा, एवढी शिकलेली माणसं, त्यांच्याकडेही होतं. मला आपलं वाटायचं, जगात मीच एक वेंधळी. फार बरं वाटलं ऐकून.”

काकांनी मान कागदात घातली. ती गोष्ट आपल्याच घरची होती, हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं.

ताईला वाटलं, हो म्हणावं. हो म्हटलं तर या बाईचं बरं वाटणं तसंच राहील. पण तेवढ्यात मनाची ही मखलाशी तिची तिलाच कळली. ते ‘हो’ काकूंसाठी नव्हतंच, पुन्हा स्वतःसाठीच होतं.

“नाही, काकू. आमच्याकडे कधीच झालं नाही. ते तुमचंच होतं. टाळ्यांसाठी मी माझं म्हणून सांगितलं. आणि तुमचं काम खालीही मीच ढकललं.”

काकूंनी हातातला पदर दोनदा सरळ केला.

“म्हणजे मी एकटीच,” त्या म्हणाल्या.

ताईने फोन काढला. बाटल्यांची चिठ्ठी वर नेली, हॉटेलची चौथ्या जागी आणली, आणि ओळ लिहिली: ‘हे काम काकूंच्या घरातून आलं, माझ्या नाही. परिषदेत मी खोटं बोलले. हॉटेलवाले थांबले नाहीत तर जाऊ देत.’ मग ती टेबलाखाली वाकली, खोकं ओढलं आणि पहिल्या बाटलीचा कागद सोडवायला लागली.

“राहू द्या,” काका हळूच म्हणाले. “चोवीस तास व्हायचेत अजून. कुणाची हरकत आली तर? नियम आहे आपला.”

ताईला आपलाच नियम ऐकून रडू आलं. काकूंनी मात्र तिच्या हातातली बाटली काढून घेतली, खिडकीकडे वळून डोळ्याजवळ धरली आणि म्हणाल्या, “थांबू की. उद्यापर्यंत तर दिसतंय मला.”