भोंगाकाका बोलले त्या सभेतला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. नगरपालिकेच्या सभागृहात, व्यासपीठाच्या उजव्या हाताला, एका लोखंडी दांड्यावर माझा मुक्काम असतो. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि अंगावरचा काळा रंग उडाला आहे. पण कान मात्र अजून तिखट आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी केसाहून बारीक तार माझ्या पोटात गुंडाळली, कोणी जाळी बसवली, आणि एकाने मला तोंडाशी धरून 'हॅलो, हॅलो' म्हटले. माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. पुढे आयुष्यभर लोक मला हेच ऐकवणार आहेत, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

सभागृहात आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! सभा संपली की शिपाईमामा मला मऊ फडक्याने पुसायचे आणि निळ्या पिशवीत ठेवायचे. माझ्यापुढे बक्षीस समारंभ झाले, निरोप समारंभ झाले, पाणीपट्टीवरून हमरीतुमरीही झाली. नवखा वक्ता आला की त्याचा घसा कोरडा पडायचा. मुरलेला आला की श्रोत्यांचा. माझ्यातून आवाज खणखणीत येतो असे सगळे म्हणायचे, आणि मीही थोडा फुगायचो.

मग सदस्यांच्या टेबलांवर छोटे, चकचकीत माइक आले. मी उरलो फक्त नागरिकांना बोलण्यासाठी. शिपाईमामा निवृत्त झाले, पिशवी हरवली. माझी वायर मुळाशी तुटत आली होती, तिच्यावर कोणीतरी चिकटपट्टी गुंडाळली आणि 'चालतंय तोवर चालू दे' म्हणून निघून गेला. तहान लागल्यावर विहीर खणायची, ही या सभागृहाची जुनी खोड.

अशातच ती सभा आली. बाजारपेठेत आणि दवाखान्याच्या फाटकापाशी कोणीही भीक मागायची नाही, मागताना सापडला तर दंड, पुन्हा सापडला तर गावाबाहेर, असा नियम करायचा होता. सभागृह गच्च भरले होते. लोक खिडक्यांच्या कठड्यांवरही बसले होते.

पहिल्या बोलल्या चपलांच्या दुकानवाल्या ताई. नियम व्हावा म्हणून घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या त्यांनीच. त्या काही दुष्ट नव्हत्या, मित्रांनो. त्यांच्या आवाजात थकवा होता.

"भीक मागणारे दोन धटिंगण गिऱ्हाइकांच्या बाह्या ओढतात," त्या म्हणाल्या. "परवा पायरीवर ठेवलेल्या काठीला अडखळून एक आजी पडल्या, मनगट मोडलं. आम्ही दुकानं चालवायची की पायऱ्या राखायच्या?"

टाळ्या पडल्या. मग दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई आल्या. "दंड लावताय, छान. जो मागून खातो तो दंड कुठून भरणार? मागूनच ना?" सभागृह हसले. पण मागून कोणीतरी ओरडले, "मग तुमच्या दारात बसवा!" आणि गोंधळ सुरू झाला. अध्यक्षबाईंनी टेबल वाजवून वाजवून हात दुखवून घेतला.

तेवढ्यात मधल्या वाटेने एक म्हातारा माणूस काठी टेकत आला. ते भोंगाकाका होते. एके काळी भाजीबाजारात लिलाव पुकारायचे, आणि आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडे बायका पिशव्या घेऊन निघायच्या. खरे सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा. त्या माणसाला माझी गरजच नव्हती. मग त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. लिलाव गेला, बायको गेली, आणि काका ताईंच्या दुकानाच्या पायरीवर वाडगा घेऊन बसू लागले. आजी अडखळल्या ती काठी त्यांचीच होती.

काका माझ्याजवळ आले. ओठ हलले. आणि नेमकी तेव्हाच चिकटपट्टीखालची माझी वायर तुटली. एक 'खर्र' झाले आणि मी मुका झालो.

"राहू द्या आता, पुढचा वक्ता घ्या," कोणी म्हणाले. लोक उठू लागले. काका तसेच उभे होते, ओठ हलवत.

तेव्हा पहिल्या रांगेतून चपलांच्या दुकानवाल्या ताई उठल्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "माझं तुम्ही ऐकलंत ना? मग यांचंही ऐका." त्या काकांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, कान त्यांच्या तोंडाशी नेला, आणि काका जे कुजबुजतील ते मोठ्याने सांगू लागल्या.

"त्या दोघांना मीसुद्धा घाबरतो. माझा वाडगा त्यांनी दोनदा पळवला."

उठलेले लोक पुन्हा बसू लागले.

"पायरीवर बसतो, कारण तिथे पाठीला भिंत आहे. पाठ टेकली नाही तर मला बसवत नाही. आजी पडल्या, त्याचं मला फार वाईट वाटलं. दवाखान्यात जाऊन आलो, पण आत सोडलं नाही."

हे ताईंना माहीत नव्हते. काका पुन्हा कुजबुजले, आणि ताईंचा चेहरा कावराबावरा झाला.

"हे मी कशाला सांगू?" त्या पुटपुटल्या.

"जे बोलले ते सांगा, ताई," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ते म्हणतात... पायरी धुताना बाकीचे दुकानदार न सांगता पाणी मारतात. ताई आधी सांगतात, मग मारतात."

लोक हसले. ताईही हसल्या, पण पदराने डोळे टिपत. शेवटचे वाक्य त्यांनी सावकाश सांगितले.

"मागताना मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, झोपलाय. झोपलेला नसतो. लाज वाटते. उठवणार असाल तर उठवा, फक्त बसू कुठे तेवढं सांगा."

त्या दिवशी मतदान झाले नाही. पुढच्या सभेत नियम झाला, पण बदलून. बाही ओढणे, वाट अडवणे, धमकावणे याला शिक्षा. नुसता हात पुढे करणे हा गुन्हा नाही. पायऱ्या मोकळ्या राहतील, हा आपला हट्ट ताईंनी शेवटपर्यंत सोडला नाही. मात्र बाजाराच्या फाटकापाशी, भिंतीला लागून, पाठ टेकता येईल असे बाक त्यांनीच मागून घेतले. ते दोन धटिंगण दुसऱ्या गावी गेले म्हणतात. त्या गावाचे काय, हे मला ठाऊक नाही. सगळेच प्रश्न सुटले असे मी कशाला सांगू?

मला भंगारात टाकायचे ठरत होते. पण वायरमन म्हणाला, "अहो, नुसती वायर गेलीय, जीव शाबूत आहे." त्याने नवी वायर जोडली, जाळीतली धूळ काढली. मी पुन्हा बोलता झालो.

काही महिन्यांनी गटारांवर सभा होती. बोलायला भोंगाकाका आले. बाकापुढचे गटार तुंबले होते, तीच तक्रार. वायरमनने माझी मान खाली वळवली आणि मला त्यांच्या ओठांशी आणले. काका नेहमीसारखे कुजबुजले, "नमस्कार मंडळी," आणि ती कुजबुज माझ्यातून साऱ्या सभागृहात घुमली. काका दचकले. कोण बोलले म्हणून त्यांनी मागे वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते. मग ते पुन्हा माझ्याकडे वळले आणि गटारावर इतके बोलले, की अध्यक्षबाईंना त्यांना आवरावे लागले.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे, पण सुखात आहे. मागणे एकच. माझी वायर ओढू नका, तिला पीळ पाडू नका. आणि तरीही मी कधी बंद पडलोच, तर बोलणाऱ्याला खाली बसवू नका. आपली खुर्ची उचला आणि जरा पुढे या.