कुराबीलची माशी

मी माशी बोलतेय. हाकलू नका, हाकललंत तरी मी हलणार नाही! सगळं अंग लोखंडाचं आहे आणि माझ्या पंखांच्या सावलीत अख्खा ट्रक उभा राहतो. कुराबीलच्या वेशीवर, हायवेला लागून माझा मुक्काम आहे.

माणसांप्रमाणे गावांनाही पोटापाण्याचा धंदा लागतो. कुणाला बंदर मिळतं, कुणाला रेल्वेचं जंक्शन, कुणाला कोर्टकचेरी. कुराबीलला तांब्याची खाण होती. ती बंद पडली आणि गाव माश्या मारत बसलं. उरला फक्त ग्लेनिसचा पब; पेट्रोलचा पंप आणि टपालही तीच सांभाळायची. नाताळपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर तीही किनाऱ्यावर बहिणीकडे जाणार होती. ती गेली की पेट्रोल गेलं, टपाल गेलं, मग गाव तरी कशाला राहतंय?

"हायवेवर काहीतरी अवाढव्य उभं करू," वेल्डर डेस म्हणाला. "कुठल्या गावाने घराएवढं केळं केलंय, कुठल्या गावाने मेंढा. थांबतात की गाड्या!"

"आपल्याकडे आहे काय दाखवायला, डोंबल?" ग्लेनिस करवादली आणि त्याच्या बिअरमधली माशी तिने बोटाने उडवली. सगळे त्या माशीकडे बघतच राहिले. झालं, माझा जन्म ठरला!

खाणीच्या भंगारातून डेसने मला घडवलं, अगदी जीव लावून. मी तर हरखूनच गेले होते. पण उभारणीच्या दिवशी मंडळींनी आधी सॉसेज भाजले, मग बिअर रिचवली आणि मग क्रेनला हात घातला. क्रेन निघून गेली, काँक्रीट वाळलं, तेव्हा ग्लेनिस किंचाळली, "अरे मेल्यांनो, हिचं तोंड गावाकडे केलंत! येणाऱ्याला ढुंगण दिसतंय!"

"गावावर लक्ष ठेवतेय ती," डेस पुटपुटला.

"तू गप्प बस!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी एक गाडी भर्रकन पुढे गेली, करकचून थांबली आणि उलटी मागे आली. एक आजीबाई उतरल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, माझ्या मागच्या बाजूखाली उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला आणि विचारलं, "इथे चहा कुठे मिळेल?"

तो फोटो मोबाइलवरून देशभर फिरला आणि त्याने कमाल केली. नाताळात पबमध्ये बसायला जागा नव्हती. ग्लेनिसने बहिणीला फोन लावला. "मी नाही येत गं. तूच ये, आणि एप्रन घेऊन ये. भांडी घासायला माणूस नाही!"

हल्ली काही शहाणे म्हणतात, माशी सरळ करू, बरं दिसेल. बाबांनो, हात जोडते, सहाच्या सहा जोडते! या, थांबा, पोट धरून हसा. पण मला फिरवू नका. माझ्या ढुंगणावर अख्खं गाव जगतंय.