संशयाखाली सही

निवडणूक प्रचारावर देखरेख ठेवणाऱ्या त्या कार्यालयात तक्रारींची पाकिटं आवक कारकून बाई फोडायच्या. नियम दोनच, पण जबर. तक्रारीचा निकाल लागण्याआधी तिच्यातलं एक अक्षरही बाहेर गेलं, तर नोकरी गेली. आणि जाणूनबुजून खोटी तक्रार केली, तर नोकरी जाऊन वर दंड.

सोमवारच्या पाकिटात नेमकं बाईंच्या दाजींचंच नाव निघालं. थोरल्या बहिणीचा नवरा, उमेदवार. पोस्टरांचा खर्च लपवला म्हणे. बाईंनी साहेबांना नातं सांगितलं, पाकीट हवाली केलं आणि तोंडाला कुलूप घातलं. तरी दोन दिवसांत दाजींची पोस्टरं भिंतींवरून गायब!

"बातमी आपल्यातूनच फुटलीय," साहेब म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांपुढे टायपिस्टच आला. मेला सदा जिन्यात जाऊन फोनवर कुजबुजणार आणि कुणी दिसलं की फोन खिशात! एवढं पुरे झालं. बाईंनी त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून खाली ठसठशीत सही केली. साहेबांनी त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. बाईंना हायसं वाटलं, खोटं कशाला बोला.

संध्याकाळी घरी आलेल्या बहिणीला हसू आवरेना. "अगं, आम्हाला तुझ्यामुळेच तर कळलं."

"माझ्यामुळे? मी ब्रसुद्धा काढला नाही!"

"तेच ना! रोज ह्यांच्या गाडीतून घरी येणारी तू. सोमवारी म्हणालीस, चालत जाते. एक जिना चढलीस तरी धाप लागते तुला! हे तिथंच म्हणाले, आपल्या नावाची तक्रार आलीय."

बाईंना तक्रारीखालची आपली सही आठवली.

सकाळी कार्यालयात सामान न्यायला आलेला टायपिस्ट आपला खण रिकामा करत होता. बाई दिसताच उठून उभा राहिला.

"माझं नाव कुणी घेतलं, ते सांगत नाहीत हो मला. खरं सांगू, बाई? उमेदवार तुमचे दाजी, म्हणून मला तुमचाच संशय आला होता. पण पुराव्याशिवाय कुणाच्या पोटावर पाय कसा आणायचा? गप्प बसलो."

बाईंना त्याच्याकडे बघवेना. कालपर्यंत ती तक्रार नुसती चुकीची होती. आज गप्प राहिलं, तर ती जाणूनबुजून खोटी ठरणार. आणि बोललं, तर नोकरी जाणार ती आपलीच.

त्यांनी न विचारताच साहेबांचं दार उघडलं आणि ते मागे लावलं नाही.

"साहेब, त्याला थांबवा. त्याची तक्रार मी केली होती. आणि बातमी फुटली ती माझ्याकडून."

मागे खणाचा आवाज थांबला.