चोरीची जलकुंभी

आमच्या गुणवंतरावांना कोणी काही सांगायला जाऊ नये. जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर ते. शाळा सुटली की गावोगाव फिरून जिभेवर कापूर जाळून दाखवायचे आणि लोकांच्या डोक्यातलं जादूटोण्याचं खूळ काढायचे. एकदा कापूर जिभेवर जरा जास्तच रेंगाळला. मग आठवडाभर घरात गार वरणभात. विचारलं तर म्हणे तिखट सोडलंय, तब्येतीला बरं असतं. जीभ भाजली हे काही शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

गडचिरोलीत आम्ही घर बांधलं तेव्हा बांधकामाच्या पाण्यासाठी कुंपणाला लागून एक विटांचं टाकं बांधलं होतं. घर झालं तरी टाकं राहिलं. निवृत्तीनंतर ह्यांनी त्यात रोहू माशाच्या बोटाएवढ्या बोटुकल्या आणून सोडल्या. मला वाटलं, चला, वर्षभरात रस्सा होईल. कसला रस्सा आणि कसलं काय. रोज सकाळी हे टाक्याच्या काठावर चमचा वाजवायचे, मासे वर यायचे, आणि हे त्यांना धानाचा कोंडा भरवत गप्पा मारायचे. माझ्याशी दिवसभरात जेवढं बोलत नाहीत तेवढं माशांशी बोलायचे. वर्षभरात मासे चांगले हातभर झाले आणि माझी रश्श्याची आशा संपली. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा लळा लागला होता.

मग कुठूनतरी हे जलकुंभीचं एक रोप घेऊन आले. पाण्यावर तरंगणारं, फुगीर देठांचं, जांभळ्या फुलाचं. दिसायला मोठं गोड. ते टाक्यात सोडत होते तेव्हा कुंपणापलीकडून वामनराव पाहत होते. वामनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा दिवस व्हरांड्यातल्या खुर्चीत पेपर वाचण्यात आणि आमच्या अंगणावर लक्ष ठेवण्यात जातो.

"गुणवंतराव," ते म्हणाले, "हे बेणं तलाव खाऊन टाकते. ज्या दिवशी उपटून फेकान त्या दिवशी मले आवाज द्याजा. चहा माह्याकडून."

"तो दिवस येणार नाई," हे म्हणाले. "ही वनस्पती पाणी शुद्ध करते. विज्ञान आहे हे."

झालं. तिथेच माशांचं नशीब फिरलं.

एका रोपाची दोन झाली, दोनाची चार, आणि उन्हाळा लागेपर्यंत टाक्यात पाणी आहे हे लोकांना सांगावं लागायला लागलं. वरून नुसतं हिरवंगार गादीसारखं. खाली ऊन नाही, हवा नाही. सकाळी मासे पानांच्या फटीतून तोंड बाहेर काढून हवा गिळत राहायचे. हे चमचा वाजवायचे तेव्हा मासे दिसायचे नाहीत, नुसती पानं हलायची. तरी हे हललेल्या पानांकडे पाहत कोंडा टाकायचे. तो कोंडा पानांवरच पडून राहायचा. मला बघवायचं नाही.

उपटून फेका, मी म्हटलं. तर आवाज खाली करून म्हणाले, वामनराव पाहून राह्यला. मी म्हटलं, तो जेवायला आत जातो तेव्हा मी काढते. तर म्हणाले, जेवून बाहेर आल्यावर त्याला रिकामं टाकं दिसणार नाही का? मास्तरांचं नाक एका बाजूला आणि माशांचा श्वास दुसऱ्या बाजूला, असा तो प्रकार होता. नाक जड निघालं.

फुकट वाटून तरी पाहिलं. पण हे रोप देताना त्याचं कुळ, मूळ आणि श्वसनक्रिया सांगायचे. घ्यायला आलेला माणूस पाणीसुद्धा न पिता निघून जायचा.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की लोकांना दिलेलं नको असतं. मनीप्लांटचंच बघा. तो मागून आणला तर लागत नाही, चोरून आणावा लागतो, हे आमच्या लेआउटच्या वसाहतीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. प्रत्येकीच्या दारातला वेल कुठल्यातरी दुसरीच्या दारातून आलेला आहे, आणि सगळ्या जणी एकमेकींना हसून चहा पाजतात.

बचत गटाच्या बैठकीत मी दीपिकाला बाजूला घेतलं. तिचा नवरा पोलिसात, पार भामरागडकडच्या कॅम्पवर, आणि बदलीसाठी बिचारी कासावीस झालेली. मी तिला सांगितलं की जलकुंभी घरात आल्यापासून आमच्या लेकीची, मोनालीची, सिरोंच्याहून इकडे बदली झाली आणि मुलाला, संघपालला, नोकरी लागली. यातला एक शब्द खोटा नव्हता. बदली खरी, नोकरीही खरी. जलकुंभीनं केलं असं मी म्हटलंच नाही.

"पण सरांले मागू नोको," मी म्हटलं. "मागून नेलं तर लागत नाई. आन् कोणाले सांगू नोको."

दीपिकाला कोणाला सांगू नको म्हटलं की गावात दवंडी पिटायचा खर्च वाचतो.

ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या डोक्यातलं खूळ काढलं त्यांच्याच बायकोनं नवं खूळ पेरलं, याचं मला वाईट वाटलं का? वाटलं. संध्याकाळी विहारात वंदनेला बसले तेव्हा जास्तच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्याच्या कोपऱ्यात ताटाएवढं काळं पाणी दिसलं आणि त्यात एक रोहू सुळकन वळला, तेव्हा माझं वाईट वाटणं पार धुऊन निघालं.

मग तर रांगच लागली. कोणी जयभीम घालायला यायचं आणि जाताना दुधाच्या बरणीतून काहीतरी हिरवं डोकावायचं. फिरायला जाणाऱ्या एका बँकेतल्या साहेबांचं जॅकेट भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बंद आणि खालून पाणी ठिबकत होतं. एका बाईच्या स्कूटीच्या डिक्कीतून धार लागली होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघायची आणि पोळीवर पोळी करपवायची.

पण माझी चूक कुठे झाली ते ऐका. आमच्या माणसाचा हिशेब मी कच्चा केला. रोपं चोरीला जातायत हे ह्यांच्या लक्षात आलं आणि त्यांची छाती फुगली. कुंपणाजवळ जाऊन वामनरावांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "पाह्यलं का रुखमा, लोक चोरून नेऊन राह्यले. मौल्यवान वस्तूच चोरीले जाते." आणि त्याच दिवशी फाटकाला कुलूप लावून, टाक्याशेजारी खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन राखणीला बसले.

जी वस्तू फुकट कोणी नेत नव्हतं तिला आता पहारेकरी मिळाला. चोऱ्या थांबल्या. जलकुंभीला काय, ती सुटल्यासारखी वाढते. चार दिवसांत मोकळं झालेलं पाणी पुन्हा झाकलं गेलं. आणि एका सकाळी एक रोहू पानांमध्ये पांढरं पोट वर करून पडलेला दिसला.

ह्यांनी त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि सीताफळाच्या झाडाखाली पुरलं. जेवायला बसले तर अर्धी पोळी खाऊन उठले. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. मी सरळ म्हटलं, बाकीचेही असेच मरतील, आत्ताच्या आत्ता काढून टाका. ते काठी घेऊन पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. पण चमचा वाजवायची हिंमत त्यांना त्या दिवशी झाली नाही.

दुपारी ऊन असं तापलं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. हे खुर्चीतच तोंडावर पेपर टाकून झोपले. मी खिडकीशी कणिक मळत होते. तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून एक हात आला. मग खांदा आला. मग टक्कल आलं.

वामनराव.

भिंतीवर पोट टेकवून, पाय पलीकडे हवेत ठेवून ते वाकले आणि त्यांनी एक रोप धरून ओढलं. जलकुंभीच्या मुळ्या एकमेकींत अशा गुंततात की एकीला ओढलं की सगळं कुटुंब येतं. इथेही अर्धी गादी उचलली गेली. ती खेचवेना आणि सोडवेना. पाण्याचा लोट ह्यांच्या पायांवर गेला आणि पेपर खाली पडला.

दोघांची नजरानजर झाली. मला वाटलं, आता ह्यांचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण होणार. वामनरावांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

"आमच्या विनोदचं लग्न जमून नाई राह्यलं, गुणवंतराव," ते म्हणाले. "पोरी पाहून पाहून थकलो. त्याची माय रोज रडते. म्हटलं, हेबी करून पाहू."

ह्यांचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आमच्या घरी ज्याच्या नावानं दिवस उगवायचा तो शत्रू भिंतीवर उपडा पडून डोळे पुसत होता. जिंकल्याचा आनंद ह्यांच्या चेहऱ्यावर मी शोधला, पण तो कुठे सापडला नाही.

"घेऊन जा," हे म्हणाले. "लागन तेवढी घेऊन जा."

"दिलेली चालत नाई म्हणते," वामनराव अगदी बारीक आवाजात म्हणाले. "चोरूनच न्या लागते. तुम्ही जरासक तिकडे तोंड करता का?"

कापूर जाळून गावंच्या गावं शहाणी करणारे आमचे मास्तर खुर्चीतून उठले. मग त्यांनी टाक्याकडे पाठ केली. आता त्यांचं तोंड माझ्या खिडकीकडे होतं.

वामनरावांनी एक रोप सुटं केलं आणि बाकीची गादी पुन्हा पाण्यात सोडायला लागले. अशी संधी पुन्हा यायची नव्हती.

"वामनभाऊ," मी खिडकीतून म्हटलं, "अर्धी चोरी लागत नाई म्हणते. नेली तर पुरीच न्या लागते."

हे मी त्या क्षणी रचलं. वामनराव लगेच घमेलं आणायला गेले.

आणि गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात कॉपी पकडताना पाहायचे तसं. दीपिका, बदली, दुधाच्या बरण्या, स्कूटीची डिक्की, सगळं त्यांच्या डोळ्यांत एकामागून एक जागेवर बसताना मला दिसलं. माझे हात कणकेत तसेच राहिले. मी बोलणी खायची तयारी केली.

वामनराव परत आले. घमेल्यामागून घमेलं भरून पलीकडे जात होतं. ह्यांनी मागे वळून बघितलं नाही. कितीतरी वेळानं त्यांनी मला हळूच विचारलं, "मासे दिसून राह्यले का?"

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पाण्यावर ऊन पडलं होतं आणि रोहू वर येऊन मोकळ्या जागेत फिरत होते.

"दिसून राह्यले," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मग मान न वळवता, वर्गात बोलायचे तसल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "वामनराव, घाई नोका करू. कोपऱ्यातली राह्यली असन, तेबी न्या. मी अजून पाहून नाई राह्यलो."