माझ्या नाकातली चांदी

मित्रांनो, मी लढाऊ जेट विमानाचा एक जुना नमुना आहे. लढाऊ आपलं म्हणायला. मी एकही लढाई पाहिलेली नाही आणि आकाश पाहिलं तेही खिडकीतून. माझी लांबी जेमतेम वीतभर. पण रुबाब विचाराल, तर खऱ्या विमानाला लाजवेल असा.

खोक्यातून निघालो तेव्हा मी एकशे बारा तुकड्यांत होतो. मला जोडणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर. दुपारी दवाखाना बंद असताना त्या मागच्या खोलीत मला घेऊन बसत. दात कोरायच्या सळईने माझ्या फटी साफ होत. पेशंटच्या तोंडावर धरायचा दिवा माझ्या पोटावर पडे. एकदा माझं एक इवलंसं चाक टेबलावरून उडालं. बाईंचे यजमान दोन दिवस जमिनीवर रांगत ते शोधत होते आणि शेवटी ते त्यांच्याच मोज्यात सापडलं.

हा सगळा खटाटोप होता अप्पांसाठी. अप्पा म्हणजे बाईंचे वडील. मी ज्याचा नमुना आहे, त्या खऱ्या विमानांची चाकं त्यांनी तीस वर्षं सांभाळली. लहानपणी बाई त्यांना घरातल्या दुरुस्त्यांच्या वेळी मदतीला जायच्या, तेव्हा अप्पा एकच सांगायचे, "बोटं लावू नकोस. बॅटरी धर." दुसऱ्याच्या कामाला ते कधी चांगलं म्हणत नसत. फार झालं तर "हं" म्हणत. आता त्यांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला बाईंना तो "हं" तरी मिळवायचा होता.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. सूचनांच्या कागदावर तिसऱ्या पायरीला लिहिलं होतं की दोन्ही बाजू चिकटवण्याआधी नाकात वजन भरा. बाई ते वाचत होत्या, तेवढ्यात सुजलेला गाल धरून एक पेशंट दारात उभा राहिला. त्याची दाढ काढून बाई परत आल्या आणि थेट चौथ्या पायरीला लागल्या. माझं नाक रिकामंच राहिलं. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

वाढदिवसाच्या दिवशी रंग, चिन्हं, सगळं झाल्यावर बाईंनी मला पहिल्यांदा चाकांवर उभं केलं. मी नाक वर केलं आणि धपकन शेपटीवर बसलो. त्यांनी मला सरळ केलं. मी पुन्हा बसलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्ताच उडायला निघालंय, असं सांगू," यजमान म्हणाले.

"अप्पांना?" बाईंचा आवाज रडवेला झाला. "शेपटीवर बसून कोणतं विमान उडतं?"

तेवढ्यात अप्पा आलेच. त्यांनी चष्मा पुसला आणि मला निरखून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"खऱ्याचंही असं झालं होतं," ते म्हणाले. "नाकातलं यंत्र दुरुस्तीला काढलं होतं. त्याच्या जागी वजन ठेवायचं राहिलं आणि हँगरमधल्या सगळ्यांसमोर विमान असंच बसलं."

"कोण विसरलं होतं?"

"मीच की."

"कधी सांगितलं नाहीत."

"तुला बोटं लावू नकोस म्हणायचो ना. मग कोणत्या तोंडानं सांगणार?"

बाई डोळे पुसून उठल्या. त्यांनी मला दवाखान्याच्या खुर्चीवर आडवं केलं, पुढच्या चाकाच्या खोबणीतून बारीक भोक पाडलं आणि दातात भरायची चांदी माझ्या नाकात ठासून भरली. दिवा धरायला यजमान पुढे झाले, तर अप्पांनी तो त्यांच्या हातून काढून घेतला.

"तू कर," ते लेकीला म्हणाले. "उजेड मी धरतो."

चांदी घट्ट झाल्यावर मी तिन्ही चाकांवर उभा राहिलो. अप्पांनी वाकून माझी चाकं पाहिली, शेपटीवर हळूच बोट दाबून सोडलं आणि सूचनांचा कागद मागितला. तिसऱ्या पायरीपुढे त्यांनी दोन रेघा ओढल्या.

"आधी काम करणाऱ्याची सही," ते म्हणाले. "मग तपासणाऱ्याची."

बाईंनी सही केली. त्याखाली अप्पांनी "तपासलं, ठीक आहे" असं लिहून आपली सही केली.

आता अप्पा नाहीत. मी दवाखान्याच्या कपाटावर आहे. ओल्या फडक्यांनी माझी अर्धी चिन्हं पुसली गेली, एक पंखही किंचित झुकलाय. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तेवढी एकच विनंती आहे मित्रांनो, मला उचलून धूळ झटकाल तेव्हा माझ्या चाकांखालचा घडीचा कागद मात्र जपून उचला. त्यावरच्या दोन सह्या शाईच्या आहेत.