खजुराची शेवटची वडी

आमच्याकडे ताटातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. अर्धी कापून घेतात. पुढचा येतो तो उरलेल्या अर्धीची अर्धी करतो, त्याच्या मागचा तिचीही अर्धी, आणि चर्चच्या तळघरातली कॉफी संपेपर्यंत ताटात एवढासा कण उरतो. मग सगळे त्या कणाकडे बघत "नको नको, तू घे" करत बसतात. शेवटी तो कुत्र्याच्या पोटात जातो. मी, अर्लिस ब्रेके, याच रीतीत वाढले आणि याच रीतीने राज्याच्या विधिमंडळात सोळा वर्षं काढली. कुत्र्यांचं भलं केलं म्हणायचं!

आमचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच भरतं, तेही ऐन हिवाळ्यात, शेतात बर्फ साचलेला असतो आणि शेतकरी आमदारांना घरात बसून बायकोशी भांडण्यापलीकडे उद्योग नसतो तेव्हा. मधल्या काळात समित्या बसतात. ज्या विधेयकाला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायची लाज वाटते, ते समितीकडे 'अभ्यासाला' पाठवतात. घोंगडं भिजत ठेवायचं, पण कसं, अगदी सभ्यपणे, कॉफी पीत पीत.

माझं विधेयक अ‍ॅम्ब्युलन्सचं होतं. खरं सांगायचं तर ते माझ्या नवऱ्याचं, ओर्लिनचं होतं. गेली तीसेक वर्षं तो आमच्या गावची अ‍ॅम्ब्युलन्स फुकट चालवतो. त्याच्याबरोबर सुरुवात केलेले कुणी मुलांकडे ॲरिझोनाला गेले, कुणी कबरीत. आता मागे पेशंटजवळ बसायला शाळेतली नर्स डोरीन आणि पुढे स्टिअरिंगवर चौऱ्याहत्तर वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला ओर्लिन. हॉस्पिटल तासाभरावर. कमरेला पेजर. तो पेजर माझ्या बहिणीच्या लग्नात वाजलाय, आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या केकवर वाजलाय, आणि जेवणावर तर वाजतोच वाजतो. नवऱ्याबरोबर बसून एक जेवण धड शेवटपर्यंत केलेलं मला आठवत नाही. निवडणुकीच्या पत्रकासाठी एकदा मीही अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचं प्रशिक्षण घेतलं, परवाना मिळवला, फोटो झकास आला. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला असेल तर शपथ.

दोन वर्षांपूर्वी बर्फात ओर्लिनचं एक वळण चुकलं आणि कॉर्बिन नेसची बायको हॉस्पिटलऐवजी साखरबीटाच्या ढिगाशेजारी बाळंत झाली. मुलगी गुटगुटीत निघाली, सगळे हसले. मी नाही हसले. मला भीती वाटते. एक दिवस तो कुणाला आणायला जाईल आणि त्यालाच आणावं लागेल. माझं विधेयक मंजूर झालं तर राज्य पगारी माणसं देणार होतं आणि ओर्लिन पेजर काढून ठेवणार होता. तसा शब्द त्याने दिला होता. दुसरं काही मला नको होतं.

पहिल्या बैठकीत मसुदा होता तो असा: लांबच्या प्रत्येक गावात दोन पगारी माणसं, रात्रंदिवस. समितीचे अध्यक्ष सिनेटर ड्युफेक म्हणाले, "छानच आहे. पण दोन म्हणजे जरा..." आणि मी, माझ्या जिभेला काय झालं होतं देव जाणे, पटकन म्हणाले, "एक चालेल." दुसऱ्या बैठकीत रात्र गेली. "दिवसाचं चालेल," मी म्हणाले. तिसऱ्या बैठकीत शनिवार-रविवार गेले. म्हणजे आमच्या गावात माणसाने सोमवार ते शुक्रवार, ऊन असेतोवरच आजारी पडायचं! तरी मी "चालेल"च म्हणाले. घरी येऊन भांडी आपटली, तो भाग वेगळा.

तेवढ्यात जूनमध्ये पक्षाच्या उमेदवारीची निवडणूक आली आणि मी सतरा मतांनी पडले. पाडलं कुणी? याच कॉर्बिन नेसने! पिकांचे विमे विकणारा, मी शाळेत शिकवायचे तेव्हा तिसरीत माझ्या वर्गात असलेला आणि पाढे म्हणताना रडणारा कॉर्बिन. त्याचा प्रचार काय, तर "समित्या दोन वर्षं काय करतात? वड्या खातात." लागलं मला ते, कारण वड्या माझ्याच असायच्या. माझी मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत होती, तेवढीच काय ती बाकी. वर, आमच्याकडे एका मतदारसंघाला दोन आमदार असतात, त्यातले दुसरेही ॲरिझोनाला गेले आणि पक्षाने त्यांच्या रिकाम्या जागेवर लगेच कॉर्बिनला बसवलं. ते ज्या समितीत होते, त्याच समितीत. माझ्या शेजारच्याच खुर्चीवर. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी कॉर्बिन दारात. "बाई, तुमच्या गाडीतून येऊ का राजधानीला? माझी दुरुस्तीला दिलीय." नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मी ओव्हनमध्ये खजुराच्या वड्या टाकल्या होत्या, म्हणून त्याला गॅरेजमध्ये ओर्लिनकडे पिटाळला.

सकाळी निघालो. गावाबाहेर पडतो न पडतो तोच त्याची चुळबुळ सुरू झाली.

"बाई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"लघवी लागली असेल तर पुढे पेट्रोल पंप आहे."

"तसं नाही हो. काल ओर्लिन मला एक बोलले. कुणाला सांगू नको म्हणाले. मी कुणालाही सांगितलं नाहीये. म्हणजे, बायको सोडून. आणि सासू."

"मग मला तरी कशाला सांगतोस?"

"नाही, पण तुम्ही घरच्याच ना." त्याने सीटची कड चिमटीत धरली. "जूनमध्ये त्यांनी मत मला दिलं."

माझ्या पुढे बीटाचा ट्रक होता. मी त्याच्या मागेच राहिले, मैलच्या मैल. ओलांडायला गेले असते तर कॉर्बिनच्या बाजूने कुठेतरी नक्की घासलं असतं. बेचाळीस वर्षांचा संसार! त्याचे मोजे मी रफू करायचे, त्याच्या डोळ्यात थेंब मी घालायचे, आणि हा घरचा भेदी पडद्याआड जाऊन त्या विमेवाल्यावर खूण करून आला! ज्याच्यासाठी मी ड्युफेकच्या दारात झोळी पसरत होते, त्यानेच माझी झोळी फाडली होती.

"रागावलात ना?" कॉर्बिनने विचारलं.

"मुळीच नाही," मी म्हटलं, आणि राजधानी येईपर्यंत रेडिओवरचे धान्याचे भाव मोठ्या आवाजात लावून ठेवले. चुळबुळ करून करून त्याने सीटच्या कडेची शिवण उसवली.

बैठक सुरू झाली. समितीत आम्ही सात जण. टेबलाच्या मधोमध माझं वड्यांचं ताट. ड्युफेक डुकरं पाळतात आणि स्वभावाने इतके मवाळ, की भुंकणाऱ्या कुत्र्यालाही "मुद्दा चांगला आहे" म्हणतील. दुपारपर्यंत बाकीची कामं उरकली, ताटात एकच वडी उरली आणि यादीत माझं विधेयक.

ड्युफेकनी प्लॅस्टिकची सुरी उचलली. "सन्माननीय सदस्य ब्रेके यांनी फार कष्ट घेतले आहेत," ते गोड आवाजात म्हणाले. "आता विधेयकात थोडंसंच उरलंय. एवढ्याशासाठी मतदान घेऊन कुणाला अवघडल्यासारखं कशाला करायचं? मी म्हणतो, पुढची दोन वर्षं याचा आणखी अभ्यास करू." आणि बोलता बोलता त्यांनी सुरी वडीच्या बरोबर मध्यावर टेकवली.

माझं डोकं फिरलं. सकाळपासून नवऱ्यावरचा राग गिळून बसले होते, तो सगळा वर आला.

"ड्युफेक, ती सुरी खाली ठेव!"

त्या खोलीत आजवर कुणी कुणाला पदवीशिवाय हाक मारली नव्हती, अरेतुरे तर लांबच. सुरी खाली पडली.

"अर्धं, अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं! दोन वर्षं तेच चाललंय, आणि मी मूर्ख, मीच तुमच्यापुढे ताट धरलं. माझा नवरा एका डोळ्याने अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो. त्याला काय, अर्ध्या रस्त्यावर थांब म्हणून सांगू? माझा ठराव लिहून घ्या. पहिला मसुदा, जसाच्या तसा. दोन माणसं, रात्रंदिवस, सातही दिवस. यातलं काहीही कमी केलेलं चालणार नाही!"

'चालणार नाही' हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि मीच दचकले.

"अनुमोदन?" ड्युफेकनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

एक सदस्य नखं बघू लागले, एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या आणि शोधतच राहिल्या. अनुमोदन मिळालं नाही तर ठराव जागच्या जागी मरतो, मत द्यायचीही कुणाला तसदी पडत नाही. आणि शेवटची वडी उचलायची नाही, तसं अशा ठरावाला पहिला हातही लावायचा नाही, हे प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. कोपऱ्यात कॉफीचं भांडं गुरगुरत होतं. संपलं, मी मनात म्हटलं. ओर्लिन आता मरेपर्यंत पेजर लावून फिरणार.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात पुढे आला. कॉर्बिनने ती वडी उचलली. अख्खी. आणि अख्खीच्या अख्खी तोंडात घातली.

पर्सवाल्या बाईंनी चक्क "अगं बाई!" केलं.

कॉर्बिन तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. ड्युफेक म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी घास गिळून बोलावं." मग आम्ही सगळे त्याच्या जबड्याकडे बघत बसलो. माझ्या वड्यांना खजूर भरपूर असतो, तो दातांना चिकटतो. आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, जरा कमी घातला असता तर! त्याने पाणी प्यायलं, डोळे पुसले.

"अनुमोदन," तो म्हणाला. "आणि माझी मुलगी बीटाच्या ढिगाशेजारी जन्मली, हेही लिहून घ्या."

नावं पुकारली गेली. तीन बाजूने, तीन विरोधात. उरले ड्युफेक. त्या माणसाने जन्मात कधी एकट्याच्या जिवावर काही ठरवलं नव्हतं. त्यांनी सवयीने सुरी चाचपली, ताटाकडे बघितलं. ताट रिकामं होतं, कापायला काही उरलंच नव्हतं.

"हो," ते म्हणाले, आणि घाम पुसला.

समितीने हो म्हटलं म्हणजे कायदा झाला असं नाही. जानेवारीत अधिवेशन भरेल, तिथे खरी लढाई, आणि तिथे मी नसणार. परतताना कॉर्बिन म्हणाला, "बाई, विधेयक मी मांडतो. मला फक्त तेवढं 'ड्युफेक, सुरी खाली ठेव' कसं म्हणायचं ते शिकवा." मी त्याला म्हटलं, आधी तेराचा पाढा म्हणून दाखव. सातापर्यंत आला बिचारा.

घरी ओर्लिन टेबलावर बसलेला. खिमा-बटाट्याची हॉटडिश मी सकाळीच भांड्यात थर लावून ठेवली होती, ती त्याने ओव्हनमध्ये गरम केली होती. त्याच्यासाठी काढून ठेवलेल्या वड्यांपैकी एकच शिल्लक होती.

"मंजूर झालं," मी कोट न काढताच म्हटलं. "पूर्ण. आणि आता तू सांग. जूनमध्ये मत कुणाला दिलंस?"

"झालं पूर्ण?" त्याचा चेहरा असा उजळला की क्षणभर मी भांडण विसरले. "म्हणजे सांगितलं वाटतं त्याने. मला वाटलंच होतं, गावाबाहेर पडेपर्यंतसुद्धा त्याच्या पोटात राहणार नाही."

"म्हणजे तू मुद्दाम...?"

"अर्लिस, तू ताकाला जातेस आणि भांडं लपवतेस. सगळ्या जगापुढे 'चालेल, चालेल', आणि घरी आलीस की भांड्यांचा खणखणाट. म्हटलं, एकदा हा खणखणाट राजधानीत नेऊन सोडावा. मग तुला राग आणेल असं काहीतरी त्याच्या कानात घातलं."

"ते राहू दे. मत कुणाला दिलंस?"

तो शांतपणे हॉटडिश वाढून घेत म्हणाला, "मतदान गुप्त असतं."

मी चमचा उगारला, आणि पेजर वाजला. ओर्लिन उठला. नेहमीसारखा, घास तसाच टाकून. दारापाशी किल्ल्या चाचपताना तो खुंटीच्या शेजारची भिंत चाचपत होता. त्याला खुंटी दिसत नव्हती. हे मला आज दिसलं. की रोजच दिसत होतं आणि मी चालेल म्हणत होते?

मी पुढे होऊन किल्ल्या काढून घेतल्या. "बाजूला बस. मी चालवते."

"तू? तो परवाना तर फोटोपुरता घेतला होतास!"

"फोटोपुरता असला तरी दोन्ही डोळ्यांवर दिलाय."

मी हॉटडिशवर फॉइल लावून ती त्याच्या मांडीवर ठेवली आणि स्टिअरिंगवर बसले. डोरीन मागे चढली, "आज हे काय नवीन!" म्हणाली. पलीकडच्या शेतावर कुणाचा तरी पाय मोडला होता, जिवाची भीती नव्हती. ओर्लिन वळणं सांगत होता, मी ती घेत होते, आणि मधूनमधून तो मला चमचाभर भरवत होता. इतक्या वर्षांनी एक जेवण शेवटपर्यंत झालं.

हॉटडिशच्या तळाशी पोचल्यावर त्याने खिशातून रुमालात बांधलेली वडी काढली. "शेवटचीच आहे," तो म्हणाला, आणि सवयीने मोडायला गेला.

"मोडू नकोस," मी म्हटलं. त्याने ती माझ्यापुढे धरली आणि मी सगळी खाल्ली.

"अगं, सगळी?" तो म्हणाला.

"सगळी," मी म्हटलं. "आता खरं सांग, मत कुणाला दिलंस?"

"पुढे डावीकडे वळ," ओर्लिन म्हणाला.