ए साइड

“बाबा, तुझी ती कॅसेट कुणी पुसली तर तू रडशील का?”

तोंड माझं होतं, प्रश्न मैत्रिणींचा. ढापणी आणि चिंगळी, दोघी आमच्या सोफ्यावर वहीत नाक खुपसून अभ्यासाचं सोंग करत होत्या आणि दोघींचे खांदे गदगदत होते. पैज अशी होती की मी हे विचारूच शकत नाही. मागच्या वर्षापर्यंत खरंच नसतं विचारलं. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा घसा खाकरायचे. यंदा कुठून कोण जाणे, माझ्या जिभेला धार आली आहे. आई म्हणते, वय. मी म्हणते, उशीर झाला पण आली.

बाबा रडला तर नाहीच, उलट खुलला. त्याच्या काळाबद्दल कुणी काही विचारलं की त्याचा चेहरा बल्ब लागल्यासारखा उजळतो.

“पुसताच येणार नाही, ठमे!” त्याने कपाटातून ती कॅसेट काढली आणि नुकतं जन्मलेलं बाळ दाखवावं तशी दोन्ही हातांत धरली. “ही मागची कड बघ. इथे प्रत्येक साइडची प्लॅस्टिकची एक बारीक जीभ असते. ती मोडून टाकायची. मग कुणाचा बाप आला तरी त्या साइडवर दुसरं काही रेकॉर्ड करू शकत नाही.”

“आणि बापाची मुलगी आली तर?” चिंगळी वहीतूनच म्हणाली.

“मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की होतं,” आई पेपरमधून डोकं वर न काढता बोलली.

“तू कुणाच्या बाजूने आहेस गं?” बाबा म्हणाला.

आईने पान उलटलं.

आता तुम्ही म्हणाल, बिचाऱ्या बापाच्या कॅसेटवर ही कार्टी का उठली आहे? तर ऐका.

माझा बाबा लोकांच्या ऑफिसांत जाऊन कॉम्प्युटर सांभाळतो. समोरच्याला तो “कसे आहात” विचारत नाही, “बॅकअप घेतलाय का” विचारतो. तो कॉलेजात असताना त्याचा एक बँड होता. त्याच्यासाठी बाबाने त्या काळच्या कॉम्प्युटरवर ठेका वाजवणारा एक प्रोग्राम लिहिला होता, आणि तो अजून एका फ्लॉपीत आहे. फ्लॉपी म्हणजे ती चौकोनी चकती, जिच्यात माझा एक फोटोसुद्धा धड मावणार नाही. बँडवाल्या जुन्या मित्रांना त्याने घरी बोलावलं होतं आणि त्यांच्यासमोर तो ठेका वाजवून त्यांची जिरवायची होती. पण प्रोग्राम इतका म्हातारा की घरच्या कॉम्प्युटरवर चालेना. म्हणून बाबाने काय केलं? घरचा कॉम्प्युटर साफ पुसला आणि त्यात जुनी सिस्टम घातली.

मी शाळेतून आले तर पडद्यावर राखाडी चौकोन आणि स्पीकरमधून टुक-टुक-पॅक, टुक-टुक-पॅक. बाबा मान हलवतोय.

“माझं फोल्डर कुठाय?”

“कुठलं?”

“ ‘हात लावू नये’ नावाचं!”

“अगं, अख्खी डिस्कच साफ केली ना. का? काय होतं त्यात?”

त्यात माझी गाणी होती. सगळी. मी लिहिलेली, मी गायलेली, खिडकी लावून, पंखा बंद करून, घामाने निथळत रेकॉर्ड केलेली. ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या एका संस्थेत दहावीनंतर प्रवेश हवा असेल तर स्वतःची तीन गाणी पाठवावी लागतात, आणि मुदत महिनाअखेरची होती. बाबाला हे माहीत होतं. मी सांगितलं तेव्हा तो “छंद म्हणून छान आहे” म्हणाला होता.

“बॅकअप?” मी विचारलं. माझा आवाज कुणा दुसरीचा असावा तसा आला.

बाबाने डोकं खाजवलं. “राहिलाच गं. पण रडतेस काय? परत कर. एकदा जमलं म्हणजे येतंय तुला. आमच्या वेळी तर स्टुडिओत एकदाच संधी मिळायची!”

परत कर. जणू मी दुधाचं पातेलं उतू घालवलं होतं.

त्या दिवशी मी जेवले नाही आणि रडलेही नाही. मी ठरवलं. त्याचं जगात असं एकच काहीतरी होतं जे दुसऱ्यांदा करता येत नव्हतं. दर रविवारी सकाळी ती कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये जायची, बँडचं गाणं लागायचं आणि “आता ऐक, आता ऐक, इथे मी येतो” म्हणत बाबा हवेत कीबोर्ड वाजवायचा. कॅसेटला तो कुणाला हात लावू देत नसे. उलट फिरवायची झाली तर स्वतः पेन्सिल घालून फिरवायचा, मोटरने टेप ताणली जाते म्हणून.

मैत्रिणींची पैज जिंकल्यावर दुसऱ्याच दिवशी, आई-बाबा कामावर असताना, मी कपाट उघडलं. सोबत चिकटपट्टी, स्टीलचं ताट आणि गाण्याचे शब्द टिपलेला फोन. कॅसेटची मागची कड बघितली तर काय! एका जागी भोक होतं, पण दुसरीकडची जीभ शाबूत. आणि ती होती ए साइडची! ज्याने एवढं व्याख्यान झोडलं तो स्वतःच मोडायला विसरला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चिकटपट्टीची गरजच पडली नाही.

आधी थोडं ऐकून बघावं असं माझ्या मनातही आलं नाही. ते गाणं ऐकून ऐकून माझे कान किटले होते, आणखी एकदा कोण ऐकणार? ए म्हणजे पहिली, पहिली म्हणजे बाबाची. घरात पहिलं सगळं बाबाचंच असतं. मी वाजवायचं बटण आणि लाल बटण एकदम दाबलं, ताटावर ठेका धरला आणि घशाच्या शिरा ताणून गायले:

*बॅकअप घ्या हो, बॅकअप घ्या,*
*सांगत फिरतो दारोदारी,*
*घरी येऊन झाडू मारी!*
*परत कर गं, परत कर,*
*गेलं ते गेलं, परत कर!*

चार कडवी. दुसऱ्यात त्याच्या टकलाचा उल्लेख होता, तो इथे देत नाही. संपल्यावर इतकं हलकं वाटलं की ताट घासूनही ठेवलं.

मग तो दिवस उजाडला. ढोलकाका आले, जे बँडमध्ये ड्रम वाजवायचे आणि आता चष्म्याचं दुकान चालवतात. गिटारकाका आले, ज्यांचं पोट आता गिटारला मांडीवर बसू देत नाही. बाबाने फ्लॉपी घातली. टुक-टुक-पॅक सुरू झालं. तिघं असे काही आनंदले की जणू हरवलेला भाऊ सापडला.

“अरे, हा ठेका हल्ली कुणाला जमेल का?” ढोलकाका म्हणाले.

“हल्लीच्या पोरांना आयतं मिळतं रे सगळं!” बाबा माझ्याकडे बघून म्हणाला. “एक बटण दाबलं की गाणं.”

मी गोड हसले. “कॅसेट मी लावू, बाबा?”

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? “जपून हं, ठमे.”

जपूनच लावली. ए साइड.

ताटाचा पहिला ठोका पडला तेव्हा गिटारकाका म्हणाले, “हे आपण कधी वाजवलं रे?” मग माझा आवाज आला. झाडूच्या ओळीला ढोलकाका खुर्चीतून घसरायचेच बाकी होते. टकलाच्या कडव्याला तर गिटारकाकांनी बाबाकडे टाळी मागितली. बाबाने दिली नाही. तो पांढरा पडला होता. मला वाटलं होतं मजा येईल, आणि खोटं कशाला बोलू, आली. भरपूर आली.

“परत कर,” मी त्याला म्हणाले. “एकदा जमलं म्हणजे येतंय तुला.”

गाणं संपलं. खट्ट आवाज झाला, थोडी खरखर. आणि टेपमधून एक मुलगी गायला लागली, ओळीच्या मधूनच. अगदी माझाच आवाज, पण माझ्यापेक्षा उंच आणि स्वच्छ. मागे फक्त एक कीबोर्ड, हळू.

“हेही तुझंच?” गिटारकाकांनी मला विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. ढोलकाका माझ्याकडे बघतच नव्हते. ते आईकडे बघत होते.

आई पाय वर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिने हातातला कप खाली ठेवला. “माझी साइड आहे ती,” ती म्हणाली. “पहिलं गाणं गेलेलं दिसतंय. हे दुसरं.”

मला माहीतच नव्हतं. शपथ. आई प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते. ती गुणगुणतसुद्धा नाही.

“वहिनी, खरं सांगू?” ढोलकाका म्हणाले. “मी विसरलोच होतो. स्टुडिओ तुमच्याच गाण्यांसाठी घेतला होता ना आपण? उरलेल्या वेळात आमचा धिंगाणा.”

“तो बी साइडला आहे,” आई म्हणाली. “सुरक्षित.”

टेप चालूच होती. ती मुलगी गात होती. मी बटण बंद करायला गेले तर आई म्हणाली, “राहू दे.”

गाणं संपल्यावर ती बाबाकडे वळली. आवाज अजिबात चढला नाही, म्हणून जास्त लागला असणार. “तू तुझी जीभ मोडलीस. माझी का नाही मोडलीस रे?”

“तू परत गाशील म्हणून,” बाबा पुटपुटला. “परत रेकॉर्ड करता यावं म्हणून ठेवली होती.”

“मग कधी विचारलंस?”

कॉम्प्युटरवर टुक-टुक-पॅक चालू होतं ते गिटारकाकांनी जाऊन बंद केलं. पाहुणे लवकर गेले.

मी आईच्या कुशीत शिरून मनसोक्त रडले. “तुझं गाणं गेलं गं माझ्यामुळे.” ती माझे केस विंचरत राहिली. “तू निदान लाल बटण दाबून पुसलंस,” ती म्हणाली. “इतकी वर्षं कुणी ती बाजू लावलीच नव्हती. ते काय, पुसल्यासारखंच.” आणि मग हळूच, “टकलाचं कडवं छान जमलंय.”

आईच्या कुशीत माझा राग विझला असं कुणाला वाटलं असेल, तर त्यांनी मला ओळखलं नाही. उलट तो दुप्पट झाला. आधी फक्त माझा होता, आता त्यात तिचाही आला.

बाबाने आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलून पाहिलं. मी तेवढंही बोलले नाही. आणि आज रविवार. सकाळी तो सवयीने कपाटाकडे गेला आणि थबकला, कारण कॅसेट तिथे नव्हती. ती जेवणाच्या टेबलावर होती, माझ्यासमोर. आई चहा पीत होती.

“दोघंही बसा,” मी म्हणाले. “मला काही सांगायचंय.”

बाबा बसला. मुकाट्याने.

“एक म्हणजे, ए साइडची जीभ मी आज सकाळी मोडली. आईचं जे उरलंय त्याला आता कुणी हात लावू शकत नाही. मीसुद्धा नाही. दुसरं म्हणजे, संस्थेला मी पहिलं गाणं ‘परत कर’ पाठवतेय, झाडू आणि टकलासकट. आणि आई, आज दुपारी तू गाणार आहेस. गेलेलं पहिलं गाणं. मी रेकॉर्ड करणार.”

“अगं, मला कुठे येतंय आता,” आई म्हणाली, पण कप तिने बाजूला सरकवला होता.

“कशावर करणार रेकॉर्ड?” बाबाने विचारलं. त्याची नजर कॅसेटच्या मागच्या कडेवर गेली आणि तिथेच अडकली. बी साइडच्या भोकावर मी चिकटपट्टी लावली होती, अगदी नीट, फुगा न ठेवता. “ठमे. ती आमची साइड आहे.”

“होती,” मी म्हणाले. “माझं ठरलंय, बाबा. पंखा बंद राहील, खिडकी लागेल, आणि लाल बटण तू दाबायचंस.”